स्तोत्राच्या चालीवर टोला

तर काल गोष्टीत टोरमोड चर्चच्या पंचांपुढे उभा राहिला तिथपर्यंत आलो होतो. उभाच ठेवला होता बरं का त्याला. बापाच्या मागे ज्यानं चर्चमध्ये स्तोत्राची ओळ धरली, ज्याच्या आवाजावर रविवारी अख्खं गाव गातं, त्याला बसायला साधा बाक दिला नाही. मीही पंच, अगदी कडेला बसलेला, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. अजून आठवलं की चहा कडू लागतो.

तक्रार होती ईवरची. ईवर आमच्यातला थोरला पंच. किनाऱ्यावरच्या मैदानातला गोल्फचा चषक वर्षानुवर्षं त्याच्याच घरात. मैदानातल्या मेंढ्यासुद्धा आपल्याला वाट देतात अशी त्याची समजूत. त्या साली टोरमोडनं त्याला हरवलं, आणि लगेच ईवरच्या भक्तीला जाग आली. म्हणे, हा माणूस टोला मारताना देवाचं स्तोत्र गुणगुणतो. एकतर काठी सोड, नाहीतर ओळ धरायची जागा सोड.

आता टोरमोडचा टोला पूर्वी काय होता म्हणता? माणूस मागावर बसून लोकरीचं कापड विणणारा, एरवी शांत. पण हातात काठी आली की मागे बैल लागल्यासारखा. काठी वर जाते न जाते तोच खाली. कंबर अजून वळतेय, तोवर हात चेंडूपाशी पोचलेसुद्धा. अंगातला जो तो अवयव दुसऱ्याच्या आधी धावायचा आणि चेंडू समुद्रात. जोर कमी पडतो असं वाटून हा आणखी जोर लावायचा. मग चेंडू आणखी खोल समुद्रात.

उपाय काढला त्याच्या बायकोनं, एफीनं. हरवलेली मेंढी शोधत कुंपणाशी आली होती, ती बघत उभी राहिली.

"काय रे, चर्चमध्ये ओळ म्हणून झाली की थांबतोस, लोकांना श्वास घेऊ देतोस. इथं कोण मेलंय म्हणून एवढा पळतोस?"

"इथं कोणी गात नाही, एफी."

"मग तू गा. तुझे हातपाय तरी तुझं ऐकतील."

आमच्याकडे गायची रीतच तशी. एकजण ओळ म्हणतो, मग मंडळी ती हळूहळू उचलतात, कुणी आधी, कुणी मागून, लाट यावी तशी. टोरमोडनं तेच धरलं. काठी मागे नेताना ओठांत ओळीची चाल. काठी वर पोचली की क्षणभर दम. मग कंबर, खांदे, हात सवडीनं त्यात सामील होत खाली यायचे आणि सम थेट चेंडूवर. पहिला चेंडू सरळ गेला तेव्हा हा सवयीनं समुद्राकडेच शोधायला निघाला होता.

यात पाप कुठं आलं, मला सांगा. शब्द नव्हते, नुसती चाल. मी बैठकीत म्हटलंसुद्धा, "ईवर, आपण या चाली शिकलो कशावर? पवित्र शब्द तालमीत वापरायचे नाहीत म्हणून मास्तर बटाट्यावरची कवनं म्हणवून घ्यायचे. तू तर मासळीच्या कवनावर शिकलास. मासळीला चालते ती चाल चेंडूला का चालू नये?"

"मासळी देवानं केली. चेंडू कारखान्यात होतो."

ऐका. आणि दोघा पंचांनी माना डोलावल्या.

"मग तुझा चषक कुणी केला रे?"

"कॅलम, तू म्हातारा झालायस. गप्प बैस."

माझ्याहून दोन वर्षांनी मोठा माणूस मला हे सांगतो. पाळक मॅकअस्किल चष्मा पुसत बसलेले. चांगला माणूस, पण वाद निघाला की त्यांचा चष्मा हटकून मळतो. बाहेर पायरीवर एफी वाऱ्यात बसलेली. ओळ धरायची ती जागा गेली असती तर टोरमोड गावात राहिला असता, पण नसल्यासारखा. बापाची जागा ती. दुसरा कुणी तिथं ओळ म्हणतोय आणि हा खाली मंडळींत बसून ती उचलतोय, हे मला तरी बघवलं नसतं.

शेवटी पाळकांनी विचारलं, "टोरमोड, मैदानावर तुझ्या तोंडातून स्तोत्राची चाल निघते, हे खरं का?"

इतका वेळ तो टोपी पिळत होता. कान लाल झालेले. टोपी त्यानं खिशात कोंबली, आम्हा एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "निघते, पाळकसाहेब. पण त्याआधी इतकी वर्षं, चेंडू समुद्रात गेला की त्याच मैदानावर माझ्या तोंडातून काय निघायचं, ते इथल्या प्रत्येकानं ऐकलंय, ईवरनं तर सगळ्यांत जवळून. तेव्हा कुणी बैठक बोलावली नाही. आता देवाची चाल निघते तर बोलावलीत. या दोन्हींतलं कुठलं चालेल ते तुम्हीच ठरवा, दुसरं मी आजपासून बंद करतो."