अहो, वाका!

“तिला साइडची कॅरेक्टर्स द्या. दुकानदार, वाटसरू, इमारतीखाली चिरडले जाणारे लोक, असं काहीतरी. मेन टीम नको. नुकतं लग्न झालंय, डोकं आता घरात असणार तिचं.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. माझ्याबद्दल होतं. पण मी ते ऐकलं, आणि तेही हेडफोनवर, एकदम क्लिअर!

प्रत्येक घरात ओट्याखाली एक पिशवी असते आणि तिच्यात नुसत्या पिशव्या असतात. त्या मुद्दाम कोणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या ऑफिसातले किस्से माझ्याकडे तसे साठत गेले. गप्प बसणाऱ्या माणसाकडे साठतातच. बोलणारे आपले वापरून टाकतात.

आमचं ऑफिस रबाळ्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात. परदेशातल्या कंपन्या व्हिडिओ गेम बनवतात, आम्ही त्यांचे संवाद मराठीत लिहितो आणि रेकॉर्ड करून पाठवतो. मी रुजू झाले तेव्हा एका सुपरहिरोंच्या गेमचा दुसरा भाग आला होता. चार जणांची टीम असते. आपण हवा तो हिरो घ्यायचा, मारामाऱ्या करायच्या, शहर वाचवायचं, आणि अनुभव वाढेल तशा त्याच्या शक्ती वाढवायच्या. पहिल्या भागाच्या वेळीच आमच्या शिरीष सरांनी कंपनीच्या परवानगीने चौघांची मराठी बारशी केली होती. त्यातली दोन नावं लक्षात ठेवा. पहाडासारखा तो दगड्या. हातातून विजा फेकणारी ती वीज.

पहिल्याच दिवशी सरांनी मला आवाज तपासायला रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोलीत बसवलं. काचेबाहेर एक लाल बटण आहे. ते दाबून बोललं की आतल्या माणसाला हेडफोनवर ऐकू येतं आणि सोडलं की बंद होतं. निदान तसं व्हायला हवं. आमचं बटण एकदा दाबलं की वर यायचंच नाही! बाहेरच्यांना वाटायचं, आपलं आपल्यात चाललंय. सरांचं ते साइड कॅरेक्टर्सचं वाक्य मी असंच ऐकलं.

मी कोणाला सांगितलं नाही. आवाज द्यायला येणाऱ्या आर्टिस्ट लोकांनीही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ऐकायचं असणार!

*

तर मला दुकानदारीण मिळाली. गेममध्ये शहर जळत असतं आणि एका कोपऱ्यात ही बाई ढाली, तलवारी, औषधं विकत असते. इंग्रजीत तिची वाक्यं अगदी सात्त्विक होती. स्वागत आहे वीरा, काय हवं वीरा, पुन्हा ये वीरा.

मी लिहिलं, “या. चपला बाहेर.”

काही न घेता निघालात तर, “बघायचे पैसे नाहीत, पण हात लावू नका.”

जुनी वस्तू परत द्यायला गेलात तर, “आमच्याकडूनच घेतली कशावरून? पिशवी दाखवा.”

आमच्याकडे गेम खेळून चुका शोधायचं काम मिलिंदचं. तो नांदेडकडचा. कामाला बसला की जेवायलाही उठत नाही. त्या दिवशी दुपारी सरांनी विचारलं, “मिलिंद, मिशन कुठवर आलं?”

“सुरूच झालं नाही, सर. ती बाई ढाल बदलून देईना गेलीय!”

सर माझ्या ओळी वाचून हसले नाहीत. “बरं” म्हणाले. कंपनीकडून मात्र विचारणा आली, चाचणीसाठी मराठीत खेळणारे लोक दुकानातून बाहेर का पडत नाहीत?

*

हिरोला मार लागून तो पडला की बाकीचे ओरडतात, अमुक पडला. विजेसाठी सरांनी लिहिलं होतं, “वीज गेली!”

फरहीन म्हणाली, “सर, गोंधळ होईल.” फरहीन पनवेलची, आमच्यातली सगळ्यात जुनी आणि सरांना तोंडावर बोलणारी एकमेव. पहिल्या भागातली वीज तिने लिहिली होती.

“काही होत नाही,” सर म्हणाले. “आपल्याकडे लोक लाइट गेली म्हणतात. वीज फक्त बातम्यांत जाते.”

दुपारी मिलिंद स्पीकर लावून खेळत होता. शत्रूने दणका दिला आणि तिघे हिरो मोठमोठ्याने ओरडायला लागले, “वीज गेली! वीज गेली!”

खाली धडधड सुरू झाली. इस्टेटच्या म्हाताऱ्या वॉचमननी जनरेटर चालू केला होता! मग धापा टाकत वर आले आणि छताकडे बघत राहिले. “कोन बोलला वीज गेली? पंखा तं फिरतंय!”

तेवढ्यात मिलिंदने औषध पाजून तिला उभं केलं. स्पीकरमधून जल्लोष झाला, “वीज आली! वीज आली!”

वॉचमन शांतपणे म्हणाले, “आली ना? मंग बंद करतंय,” आणि जनरेटर बंद करायला खाली गेले.

*

शेजारचा गाळा मसालेवाल्यांचा. ते मिरची भाजतात त्या दिवशी आम्ही रेकॉर्डिंग ठेवत नाही. एकदा त्यांनी न सांगता भाजली.

आत खलनायकाचा आवाज देणारे काका उभे होते. नाटकातले जुने नट, खर्जातला आवाज. “या शहराचा अंत जवळ आला आहे” म्हणायचं आणि गडगडाटी हसायचं. काका ‘अंत’पर्यंत आले आणि जो ठसका लागला! वाक्य पुरं केलं ते छाती धरून, डोळ्यांत पाणी आणून, जेमतेम. हसू तर निघालंच नाही.

पाठवायचं होतं नंतर नीट घेतलेलं रेकॉर्डिंग, गडबडीत गेलं हेच. सर दिवसभर डोकं धरून बसले.

कंपनीचा निरोप आला तो असा: ‘खलनायक मरणाच्या दारात आहे हे तुम्हाला कसं कळलं? ते तर आम्ही शेवटच्या मिशनपर्यंत लपवून ठेवलंय!’

*

आता खरी गोष्ट. पहिल्या भागात दगड्या आणि वीज नुसते टीममधले दोस्त होते. सारखे भांडायचे. ती त्याला “अरे ठोंब्या” म्हणायची. दोन भागांच्या मधे दोघांनी लग्न केलं! दुसरा भाग सुरू होतो तो याच प्रसंगाने. विजेच्या बोटात अंगठी दिसते, दगड्याच्या डोक्यावर इमारत कोसळत असते आणि ती ओरडते, “हनी, डक!”

आधी हे कॉम्प्युटरकडून भाषांतर करून आलं होतं. “मध, बदक!”

सरांनी ते खोडून लिहिलं, “अहो, वाका!”

“सर!” फरहीन म्हणाली. “बिल्डिंग पडतेय त्याच्यावर. ‘अहो, वाका’ म्हणजे काय, नमस्कार करायचाय का त्याने?”

“लग्न झालंय त्यांचं.”

“मग? काल ठोंब्या, आज अहो?”

“मराठी घरात असंच असतं. तुझी आई काय म्हणते वडिलांना?”

“‘ऐकताव का’ म्हणते. आणि अब्बा काही ऐकत नाहीत!”

सर माझ्याकडे वळले. “हे काम तुझं. वीज तू लिही. तुझं नुकतं लग्न झालंय, तुला माहीत असणार.”

ज्या कारणासाठी मला मेन टीम मिळणार नव्हती, त्याच कारणासाठी ती मिळाली!

*

मला माहीत होतं, असं नाही.

निनादला मी कॉलेजपासून ‘तू’ म्हणते. एकदा भर कॅन्टीनमध्ये ‘गाढवा’ही म्हटलं होतं. लग्न होऊन कोपरखैरण्याच्या घरात आले. सासूबाईंनी कसलीही सूचना केली नाही. पण त्या स्वतः सासऱ्यांना इतक्या हळू आवाजात ‘अहो’ म्हणतात की मला त्यांच्यासमोर ‘तू’ म्हणवेना. आणि ‘अहो’ म्हणायला गेले की मलाच हसू यायचं.

मग मी वाक्यातून माणूसच काढून टाकला. ‘निघायचं का?’ ‘डबा भरलाय.’ ‘आज उशीर होणार का?’ मराठीत हे फार छान जमतं. दिवसभर बोलता येतं आणि कोणाशीच बोललेलं नसतं.

निनाद एकदा म्हणाला, “तू हल्ली माझ्याशी बोलतच नाहीस.”

“बोललं जातं की,” मी म्हटलं.

विजेचे संवाद मी असेच लिहिले. दगड्यावर इमारत पडतेय आणि ती म्हणते, “जरा वाकलेलं बरं!” तो जखमी होतो आणि ती म्हणते, “औषध घेतलेलं दिसत नाही.” एवढ्या मोठ्या गेममध्ये कुठेही ‘तू’ नाही, ‘अहो’ नाही.

सर बेहद्द खूश. “वा! कोणाला म्हणतेय तेच कळत नाही! सुटला प्रश्न!”

मिलिंदने ते खेळून बघितलं आणि हेडफोन काढून ठेवला. “पहिल्या पार्टात ही बाई बोलली की अंगावर काटा यायचा. आता काय, प्लॅटफॉर्मवर अनाउन्समेंट करायलीय का ही?”

मी हसले. त्या रात्री जेवताना मात्र मी माझीच वाक्यं ऐकत होते. भाजी वाढायची का? पाणी हवंय का? गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे!

*

रविवारी सकाळी माझे दोन्ही हात कणकेत होते. सासूबाई टेबलाशी मेथी निवडत होत्या. निनाद गॅसला टेकून मोबाइल बघत होता, आणि त्याच्या कोपराजवळ दूध वर येत होतं.

‘गॅस बंद करायला हवा’ असं काहीतरी माझ्या डोक्यात जुळत होतं. पण दूध काठाला आलं.

“अरे गाढवा, गॅस बंद कर!”

निनादने बंद केला. दूध खाली बसलं. मेथी निवडणारे हातही थांबले होते.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “एवढा आवाज आहे तुला? मग इतके दिवस कुठे ठेवला होतास?”

मी मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले.

“मला वाटायचं, तुला आमच्यात करमत नाही,” त्या म्हणाल्या. “मी ह्यांना म्हटलंही. पोरगी बोलते, पण पाहुण्यासारखी बोलते.”

माझी मान खाली. हातांची कणीक वाळत चालली होती. त्यांनी मेथीची जुडी पुन्हा पुढे ओढली.

“गाढवा तेवढं पाहुण्यांसमोर नको.”

*

सोमवारी मी विजेचे संवाद पहिल्यापासून नव्याने लिहिले आणि सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी वाचले, “बरं” म्हणाले.

आर्टिस्ट यायच्या आधी वाक्यांची लांबी बघायला आमच्यापैकी कोणीतरी ती वाचतं. बहुतेक वेळा मीच. त्याही दिवशी आत गेले, हेडफोन लावला आणि समोरचा कागद बघितला. पहिलीच ओळ लाल पेनाने खोडलेली. वर सरांच्या अक्षरात, ‘अहो, वाका!’

काचेबाहेर सर, फरहीन आणि मिलिंद उभे होते. सरांनी बटण दाबून “रेडी?” विचारलं आणि बोट उचललं. बटण काही वर आलं नाही.

“वीज मी माझ्याकडे घेतोय,” सर त्या दोघांना म्हणाले. “सगळीकडे अहो करून उद्या कंपनीला पाठवतो. तिला परत दुकानात टाकू. ते तिला छान जमतं.”

“विचारलंत तिला?” फरहीन.

“त्यात काय विचारायचं? ती काही बोलत नाही. मान डोलावेल.”

“सर, ती गप्प असते. त्याचा अर्थ पटलेलं असतं असा नाही.”

“तिने दगड्याला गाढव केलंय, सर,” मिलिंद मधेच म्हणाला. “मला तर लई आवडलं.”

“नवरा आहे तो तिचा!” सर म्हणाले आणि मला हाताने खूण केली. वाच.

पडद्यावर वीज धावत आली. दगड्याच्या डोक्यावर इमारत कलायला लागली. मी कागद उलटा ठेवला आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेतला.

“अरे गाढवा, वाक!”

काचेपलीकडची तीनही डोकी एका क्षणात दिसेनाशी झाली!

पडद्यावर इमारत पडून धूळ खाली बसली तरी काचेपलीकडे कोणी नव्हतं. मग मिलिंद उठला. मग फरहीन, तोंडावर ओढणी दाबून. शेवटी सर. चष्मा एका कानावर, शर्टावर चहा.

“ही... कोणाला म्हणाली ही?” त्यांनी फरहीनला हळूच विचारलं.

मी माइकजवळ सरकले.

“दगड्याला म्हटलं, सर. ती त्याला तूच म्हणेल, आणि वीज माझ्याकडेच राहील. आणि ते लाल बटण अडकलेलं असतं. मी आले त्या दिवसापासून.”