आपल्यासारखं कोण?

माझ्या बायकोला एका जागी बसवत नाही. चहासुद्धा ती उभ्यानेच, खिडकी ते ओटा अशा फेऱ्या मारत संपवते. नोकरीही तशीच शोधलीय. नियोजन कार्यालयात आपला विभाग, म्हणजे आपले हे चार-पाच जिल्हे, राज्यातल्या दुसऱ्या विभागांच्या शेजारी ठेवून बघायचा, नवं काही घडवण्यात आपण कुठे मागे पडतो ते हुडकायचं आणि त्यावरून पुढची योजना आखायची. थोडक्यात, ती तुलना करून पोट भरते. नातेवाईक मुलांचे मार्क तिच्यापासून लपवतात.

यंदा मात्र प्रकरण माझ्याच गळ्याशी आलं. मी सरकारी चाचणी केंद्रात तंत्रज्ञ आहे. छोट्या वर्कशॉपवाल्यांनी नवा पंप, नवा व्हॉल्व्ह बनवला की आम्ही तो तपासून देतो. तिच्या साहेबांनी आमच्या विभागाची तुलना केली ती थेट पहिल्या नंबरच्या विभागाशी. तिथे बड्या कंपन्या, त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा. असलं केंद्र तिथे नाहीच, म्हणून साहेब म्हणाले, आपणही बंद करू.

"आधी आपल्यासारखं कोण ते तर बघा," असं ती त्यांना तोंडावर सांगून आली. मग घरात रोज तेच. दात घासताना, भाजी चिरताना, आपल्यासारखं कोण? हातात सुरी घेऊन ती घरभर फिरायची आणि मी तिच्या मागोमाग. पन्नाशीत नोकरी गेली तर मला कोण विचारणार, या धास्तीने माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

"आमचं केंद्र उठून दिसेल असा एखादा विभाग निवड ना," मी म्हटलं.

"तुम्ही व्हॉल्व्ह असेच तपासता का?"

शेवटी विभाग सापडला. तशीच दोन-तीन माणसांची वर्कशॉपं, तसंच केंद्र. मला हायसं वाटलं. पण तिथे कामाची रीघ, आणि आम्ही दुपारभर माशा मारत बसलेले. तिने फोन करकरून तिथल्या लोकांचं डोकं खाल्लं, तेव्हा कारण कळलं. तिथले तंत्रज्ञ यंत्रं गाडीत घालून वर्कशॉपवर जातात. आमच्याकडे वर्कशॉपवाल्याने धंदा बंद ठेवून यायचं आणि माझ्या टेबलापुढे ताटकळायचं.

"हे साहेबांच्या बैठकीत काढू नकोस," मी म्हणालो. तिने ते वहीत लिहून घेतलं. मला तिचा राग आला, अगदी मनापासून आला.

बैठकीहून ती संध्याकाळी परतली. चपला काढल्या, चहा टाकला.

"केंद्र राहिलं," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. "तुमची खुर्ची गेली. सोमवारपासून गाडी."

"नवऱ्याची तरी गय करायचीस."

"केली की. नुसतं आहे तसं ठेवा म्हटलं असतं, तर साहेबांनी टाळंच लावलं असतं."

आणि ती चक्क खुर्चीत टेकली. कप दोन्ही हातांत धरून सावकाश चहा पिऊ लागली. इकडे माझ्या डोक्यात भुंगा. गाडीत कुठलं यंत्र आधी चढवायचं, आधी कुणाच्या दारात जायचं, तिथे कुणी ओळख तरी दाखवेल का? माझा चहा निवत होता आणि मी खिडकी ते ओटा, ओटा ते खिडकी करत होतो.

"अहो, बसा की," ती म्हणाली.

मला बसवेना.