काळ्या खिडकीतला शब्द

भाषावादाच्या दिवसांत आमच्या पेडण्याच्या घरात दोन पक्ष होते. दादा मराठीचा, मी कोकणीचा. गंमत म्हणजे आम्ही भांडायचो कोकणीतच. पुढे आमचं घटकराज्य झालं, वाद थंडावला, पण आमचं बोलणं "जेवलास?"च्या पुढे काही गेलं नाही. रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांतली कोकणी दिसली, की दादाच्या कपाळाला आठी पडायचीच.

मग पक्षाघाताने त्याचा उजवा हात गेला. त्याला जत्रेतल्या नाटकांच्या आठवणी लिहायच्या होत्या. डाव्या हाताच्या एका बोटाने तो कम्प्युटरवर लिहू लागला. एकदा वीज गेली आणि आठवड्याची मेहनत पाण्यात गेली.

मी डिचोलीला खाणीच्या ऑफिसात कम्प्युटरवर काम केलेलं. लिहिलेल्या सगळ्याची दुसरीकडे प्रत ठेवणारी एक स्क्रिप्ट मी लिहिली. आज्ञा टाइप करणं दादाला जमणार नव्हतं, म्हणून एक बॅच फाइल करून पडद्यावर ठेवली. तिच्यावर दोनदा क्लिक केलं, की स्क्रिप्ट आपोआप चालायची.

त्याने क्लिक केलं. काळी खिडकी उघडली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मिटली. प्रत झाली होती, पण दादाचा चेहरा उतरला.

"गेलां सगळां," तो म्हणाला. "आता माका नाका."

त्याने कम्प्युटरवर कापड टाकलं. मी हरप्रकारे समजावलं, पण आमचा दादा म्हणजे पालथा घडा.

मी फाइल दुरुस्त करायला बसलो. तो शेजारी तोंड फिरवून बसला होता. कळ दाबेपर्यंत खिडकी थांबावी अशी आज्ञा मी घातली. खिडकीत देवनागरीचे नुसते चौकोन दिसत, म्हणून रोमी अक्षरं घ्यावी लागली. निदान भाषा तरी त्याची मराठी असू दे, म्हणून लिहिलं, 'थांब दादा. सगळं जपून ठेवलंय.'

कापड काही निघालं नाही. त्याचं लिहिणं संपलं, या विचाराने मला जेवण जाईना.

एका दुपारी पाहतो तर कापड घडी करून ठेवलेलं, दादा खुर्चीत डुलकी घेतोय, आणि पडद्यावर नवं पान. त्याची प्रत ठेवावी म्हणून मी फाइलवर क्लिक केलं. खिडकी उघडली आणि थांबली. तीत माझी ओळ नव्हती.

'राव बाबू. सगळां आसा.'

राव म्हणजे थांब, आणि बाबू तो मला लहानपणी म्हणायचा. तोंड फिरवून बसला असतानाही मी फाइल कशी बदलतो ते त्याने पाहून ठेवलं होतं. डाव्या हाताच्या एका बोटाने, कोकणीत, आणि तीही रोमी अक्षरांत लिहिलं होतं त्याने. मला रडू आलं.

खिडकी मिटायला कुठलीही कळ चालली असती. मला एकही दाबवेना.