सरांनी बाहेरून पाहिलेला बंगला

एखाद्या बंगल्याचा इतका बारीक अभ्यास करून त्यात एकदाही पाऊल न टाकलेला माणूस आमच्या चित्रकलेच्या सरांखेरीज अख्ख्या महाड तालुक्यात दुसरा नसेल. बंगला सव गावच्या रस्त्याला. कुणा मुंबईकर शेठजींनी उन्हाळ्यात थंड हवा खायला म्हणून तो बांधला, तोही गरम पाण्याच्या झऱ्यांशेजारी! यावर मी हसलो की सर चवताळत. "छताची उंची बघा, कौलांखालचे झरोके बघा! मे महिन्यात आत शाल लागत असेल." लागत असेल एवढंच, कारण आत जायचं नाही हा त्यांचा हट्ट.

म्हातारा राखणदार दर वेळी बोलवायचा, "पुढल्या दाराचं कुलूप गंजलंय, सर. मागनं या, चाय ठेवतो." सर मान हलवत. या बंगल्याचे काळे दगड त्यांच्या आजोबांनी डोक्यावरून वाहिले होते. पण शिवाशिवीच्या त्या दिवसांत त्यांना मागच्या पायरीपुढे कुणी येऊ दिलं नव्हतं. "जाईन तर पुढून," असं म्हणून सर पुन्हा भिंतीला कान लावून टकटक करत. निवृत्तीनंतर तर हाच उद्योग. असा बाहेरूनच त्यांनी आतला नकाशा काढला. झरोक्यातून डोकावायला एकदा शिडीवर चढले, तर गांधीलमाश्यांनी नाक असं सुजवलं की आठवडाभर चष्मा बसेना. शिडी धरल्याबद्दल मलाही दोन चावल्या. मी भूगोलाचा मास्तर, माझा काय संबंध?

यंदा होळीनंतर बंगला विकला गेला. नवा मालक तो पाडणार होता. राखणदाराने चार दिवस कुलपात खोबरेल ओतलं आणि पाडायच्या आदल्या सकाळी मला फोन केला, "सरांना घेऊन या. पुढलं दार उघडलं हाय."

सर इस्त्रीचा सदरा घालून, नकाशा काखेत मारून आले आणि पुढच्या दाराने ताठ मानेने आत गेले. नकाशा साफ चुकला होता! जिथे त्यांनी नक्षीदार जिना काढला होता तिथे मोरी निघाली. शिवाय आत मरणाचं उकडत होतं. मी तोंडावर रुमाल दाबून हसत होतो. दिवाणखाना, माजघर, स्वयंपाकघर असं करत सर थेट मागच्या दाराशी गेले, कडी काढली आणि बाहेरच्या पायरीवर बसले.

"आजा इथवर आला होता," घाम पुसत ते म्हणाले. "त्याला सांगायला हवं होतं हो, आत काही विशेष नाही म्हणून."

मी रुमाल खिशात घातला. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.