सारवलेल्या कोर्टाच्या मालकीण

गौरवग्रंथ समितीने पत्र पाठवून मला दोन सूचना केल्या. लेखाची सुरुवात प्रथम परिचयाने करावी आणि गोदाताईंचे नम्र, शालीन व्यक्तिमत्त्व उलगडून दाखवावे. पहिली सूचना मी पाळते. दुसरी पाळायची तर खोटे लिहावे लागेल. इतक्या वर्षांच्या सहवासात शालीन गोदाताई मी पुष्कळ वेळा पाहिल्या, नम्र गोदाताई काही मला भेटल्या नाहीत. देवाच्या कृपेने यापुढेही भेटू नयेत.

प्रथम परिचय झाला तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले होते. निजामी अमलातले बीड होते ते. साहेब लोकांच्या क्लबात टेनिसचे एकच कोर्ट होते, तेही शेणामातीचे. दर आठ दिवसांनी ते सारवावे लागे. गोदाताईंच्या आई मथुराबाई आणि त्यांच्या गल्लीतल्या चार बायका ते काम करीत, आणि सोळा वर्षांच्या गोदाताई आईच्या हाताखाली असत. शुक्रवारी दुपारी कोर्टाभोवती कनाती लावून साहेबांच्या बायका आणि मुली खेळत. मी वकिलाची मुलगी, चौदा वर्षांची, तीन वर्षे टेनिस शिकलेली आणि त्याचा भारी तोरा असलेली.

त्या शुक्रवारी माझी जोडीदारीण तापाने आली नाही. मुलींच्या शाळेच्या हेडबाई आम्हाला शिकवीत. त्यांनी कनातीबाहेर बादली विसळत बसलेल्या मुलीला हाक मारली, हात धुऊन ये म्हणाल्या आणि तिच्या हाती आपली रॅकेट दिली. गोदाताईंचा पहिला चेंडू कनातीवरून थेट घोड्यांच्या पागेत गेला. मी हसले. दुसरा चेंडू माझ्या पायाशी पडला आणि उठलाच नाही. तिसराही तसाच पडला. माझे हसू तिथेच थांबले. नंतर त्यांनीच समजावून सांगितले, की सारवताना दोन बायकांचे हात जिथे मिळतात तिथे जमिनीला सांधा राहतो आणि त्याच्यावर पडलेला चेंडू बसतो. सांधे कुठे कुठे आहेत हे क्लबातल्या एकाही साहेबाला ठाऊक नव्हते. गोदाताईंना ते डोळे मिटून सापडत.

पुढची दोन वर्षे साहेब मंडळी उठायच्या आधी, भल्या सकाळी, हेडबाई आम्हा दोघींना खेळवीत. साहेबांचे मुलगे कॅनव्हासचे बूट घालून खेळत. गोदाताई कासोटा घालून अनवाणी खेळत. सारवलेल्या भुईवर चप्पल घालून जायचे नाही, हा मथुराबाईंचा नियम लेकीच्या अंगात भिनलेला होता. मी बूट घालून खेळत असूनही त्या मला रोज हरवीत. पावसाळ्यात हेडबाईंनी दिलेल्या रॅकेटची आतड्याची तात सैल पडे म्हणून त्यांच्या घरी ती चुलीजवळच्या खुंटीला टांगलेली असे, मिरच्यांच्या माळेशेजारी.

मग औरंगाबादच्या सामन्यांचा कागद आला. बायकांच्या एकेरी सामन्यासाठी प्रत्येक क्लबातून एकच नाव जाणार होते आणि त्यावर क्लबाचा शिक्का लागत होता. नाव कोणाचे जायला हवे हे कनातीच्या आतही ठाऊक होते आणि बाहेरही. पण क्लबाचे सेक्रेटरीसाहेब भडकले. सारवणाऱ्या बाईची पोरगी बीडचे नाव घेऊन सुभ्याच्या गावी जाणार? त्यांनी फर्मान काढले, की ही मुलगी फाटकाच्या आत येईल ती फक्त बादली घेऊन.

त्याच दिवशी ते आमच्या घरी आले आणि वडिलांपाशी माझे नाव काढले. वडिलांची छाती फुगली. मी सही केली. हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते. आज लिहिते, कारण गौरवलेखात फक्त दुसऱ्याचे खरे सांगावे असा काही कायदा नाही.

मथुराबाईंनी फर्मान ऐकून घेतले. भांडल्या नाहीत, रडल्या तर मुळीच नाहीत. बादली सेक्रेटरीसाहेबांच्या खुर्चीपाशी ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्या लेकीचा हात या भुईला चालतो, पाय चालत न्हाई व्हय? मग आजपासून आमचा हातबी चालायचा न्हाई." बाकीच्या चौघीही त्यांच्यामागून फाटकाबाहेर गेल्या. काम सुटल्यावर घरात काय होते हे त्या पाचजणींना सांगायला कोणा पंडिताची गरज नव्हती. तरी गेल्या.

सेक्रेटरीसाहेबांना वाटले, सारवण म्हणजे काय मोठी विद्या आहे? औरंगाबादचे सुभेदारसाहेब पाहणीला येणार होते आणि त्यांना टेनिसचा शौक होता. कोर्ट हवेच होते. मग चार चपराशांना सारवायला बसवले. ज्याने जन्मात घर सारवलेले नाही तोच जी चूक करील, ती त्यांनी केली. बाई सारवते ती मागे सरकत, दाराकडे निघत. हे चौघे चार कडांना बसले आणि आत आत सारवत आले. शेवटी नेटपाशी चौघांच्या पाठी एकमेकांना लागल्या आणि चारी बाजूंना ओले शेण! बाहेर पडायला चालत जाण्यावाचून मार्ग नव्हता. त्यांची पावले कोर्टभर उमटली आणि उन्हात कडक वाळली.

दुसऱ्या दिवशी सुभेदारसाहेब खेळायला उतरले. चेंडू एका पावलात पडला आणि त्यांच्या कानाकडे आला. पुढचा टाचेच्या खळग्यात पडला तो जाळीकडेच परतला. मी वडिलांबरोबर पाहुण्यांत बसले होते. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. साहेबांनी रॅकेट खाली ठेवून विचारले, की हे कोर्ट कोणी केले आणि आधी कोण करीत होते. सेक्रेटरीसाहेबांना खरे सांगावे लागले. मथुराबाईंना बोलावणे गेले. त्या आल्या, लेकीला घेऊनच. कोर्ट पुन्हा करून देतो म्हणाल्या, पण आधी शिक्का. सेक्रेटरीसाहेब घाईने म्हणाले, की नाव तर ठरले आहे, वकीलसाहेबांच्या मुलीची सही झाली आहे.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. गोदाताईंचीही. त्यांना ते तोवर ठाऊक नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपे गेले असते. राग नव्हता, नुसते आश्चर्य होते, आणि ते आश्चर्य मला आजही आठवते. वडील शेजारी होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझे नाव खोडा. मी हिच्याकडून रोज हरते."

सुभेदारसाहेब मोठ्याने हसले. नाव तिथेच खोडले गेले आणि शिक्का बसला. वडील माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. गोदाताई दुसऱ्याच दिवशी बोलल्या. दुहेरीची जोडीदारीण शिक्का मिळालेल्या मुलीनेच निवडायची होती, आणि त्यांनी माझे नाव सांगितले. मी सहीबद्दल बोलायला गेले तर म्हणाल्या, "खोडलं ना? मग झालं. उद्या येळंवर ये." एवढ्यावर तो विषय त्यांनी संपवला.

त्या वर्षी औरंगाबादेत गोदाताई अंतिम सामन्यात हरल्या. माझ्यामुळे दुहेरीत तर पहिल्याच फेरीत हरल्या. पुढच्या वर्षी तिथेच जिंकल्या आणि मग हैदराबादेत दोनदा. बूट घालण्याची सक्ती झाली तेव्हा त्यांनी पंचांना विचारले, की बुटाने चेंडू मारायचा आहे का? पंचांनी त्यांना अनवाणीच खेळू दिले. चकलांब्याच्या मास्तरांचे स्थळ आले तेव्हा रुखवतात लाडवांच्या ताटाशेजारी रॅकेट मांडली गेली. सासूबाईंनी ही कशाची चाळणी म्हणून विचारले. माणसांची, असे उत्तर गोदाताईंनी दिले. मास्तर हसले, आणि संसार सुखाचा होणार हे मला तेव्हाच कळले.

राज्य गेले, क्लबही मोडला, आणि ते कोर्ट गोदाताईंनी मुलींसाठी मागून घेतले. त्यांच्याकडे शिकायचे तर आधी सारवायचे. कलेक्टरांची कन्या नाक मुरडू लागली तेव्हा गोदाताईंनी तिच्यापुढे बादली ठेवली आणि स्वतः शेजारी बसल्या. ती मुलगी पुढे चांगली खेळू लागली, आणि सारवूही लागली झकास.

आता समितीला एक गोष्ट जाहीरपणे सांगते. सत्काराचा मांडव कोर्टावर घालायचा म्हणून परवा खांबांसाठी खड्ड्यांच्या खुणा केल्या गेल्या. गोदाताईंनी त्या पुसल्या आहेत. खांब बाहेर, नाहीतर सत्कार नाही, असे त्यांनी कळवले आहे. तेव्हा खुर्च्या उन्हात असतील. ज्यांना ऊन सोसत नाही त्यांनी छत्री आणावी. ज्यांची या भुईवर वहाणेसकट भाषण करण्याची इच्छा असेल, त्यांनी भाषण घरीच करावे.

पंच्याहत्तरीनिमित्त मी त्यांच्यासाठी पुढची पंचवीस वर्षे मागते: गुडघे शाबूत, नजर तेज आणि जीभ आहे तशीच. यात माझा स्वार्थ आहे. मला त्यांच्याकडून एक तरी सेट जिंकायचा आहे.

हा लेख मी कोर्टाच्या कडेला बसून पुरा करते आहे. गोदाताई पलीकडचा कोपरा सारवून मागे सरकत आल्या, हात धुतले, रॅकेट घेतली आणि मला म्हणाल्या, "खेळणार हाय, का नुसतंच लिवणार हाय?"

लेख इथे थांबवते. चपला काढायच्या आहेत.