बुडबुडा आणायला पाठवलेली पोर

"सोमवारपासून तिला पुढं ऑफिसात बसवा. फोन घेईल," मॅनेजर साहेब म्हणाले.

ती म्हणजे वैशाली. सायखेड्याची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या कारखान्यातली पहिली ट्रेनी मुलगी. नव्वदनंतरची गोष्ट. मी टर्निंग शॉपचा सुपरवायझर. शिक्षण चौथी, पण लेथची माझ्यापुढं उद्धटपणा करायची टाप नव्हती. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून काकडीसारखं सोलायचं मशीन.

साहेबांचं म्हणणं, पोरीला काहीच येत नाही. येईल कसं? मशीनजवळ गेली की पोरं म्हणत, मॅडम, हात काळे होतील, आणि खुर्ची पुढं करत.

मी म्हटलं, आठवडाभर थांबा. शनिवारी ती जॉब, म्हणजे मापात सोललेला लोखंडाचा तुकडा, काढून दाखवेल. नाही जमला तर बसवा फोनवर.

"आणि नाना, ओढणी चकमध्ये गेली म्हणजे?" साहेबांनी विचारलं. चक म्हणजे जॉब आवळून धरणारा फिरता जबडा.

"माझं धोतर कधी गेलं का? घालूनच येत नाय मी."

दुसऱ्या दिवशी वैशाली भावाची शर्ट-पँट घालून आली. आता आमच्याकडं एक रीत होती. नव्या पोराला स्टोअरला धाडायचं, जा, स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा घेऊन ये. स्पिरिट लेव्हल म्हणजे मशीन सपाट बसलंय का ते दाखवणारी पट्टी. तिच्या काचेत हवेचा बुडबुडा असतो, तो काय सुटा मिळतोय! स्टोअरवाला गंभीर तोंडानं पुढच्या खात्यात पिटाळायचा. मी नवा होतो तेव्हा, यानं बुडबुडा लपवलाय म्हणून त्याच्याशी भांडलो होतो. वैशालीला मात्र कुणी पाठवलंच नव्हतं. ज्याला उल्लू बनवत नाहीत, त्याला शिकवतही नाहीत.

मी पाठवली.

ती स्टोअरातून ग्राइंडिंगला गेली, तिथून पेंटला. परत आली ती हातात मग घेऊन. मगात कूलंट, म्हणजे लोखंड सोलणारं टूल तापू नये म्हणून सोडतात ते दुधाळ पाणी. चांगलं फेस येईस्तोवर ढवळलेलं.

"घ्या नाना. यातला कोणता बसतो बघा."

अख्खं शॉप खिदळलं. त्याच दुपारी शेजारच्या मशीनवरचा दगू पहिल्यांदा तिच्यावर खेकसला, "ए वैशाली, टूल सेंटरला लाव, नायतर तुटून थोबाडावर येईल." मला बरं वाटलं. मॅडम गेली, शिकवणी सुरू झाली. मग आठवडाभर जो तो तिच्यावर खेकसत होता.

शनिवारी साहेब मायक्रोमीटर घेऊन हजर. पहिला जॉब अंडरसाइज झाला, म्हणजे मापापेक्षा जास्त सोलला. भंगार.

"बघा नाना. हे मुलींचं काम नाही."

वैशालीनं मान खाली घातली. माझं डोकं फिरलं.

"साहेब, पोरानं बिघडवला की तुम्ही म्हणता, शिकतोय. हिनं बिघडवला की म्हणता, मुलगी हाय. दुसरा काढू द्या."

दुसरा मापात आला. साहेबांनी मोजला, पुसून मोजला, उलटा करून मोजला. लोखंड काही त्यांच्यासाठी बदललं नाही. वैशाली मशीनवर राहिली, आणि नवा माणूस मिळेपर्यंत साहेब स्वतःच फोनवर हॅलो हॅलो करत बसले.

मुलींनो इंजिनिअर व्हा, अशी भाषणं पुढं लय ऐकली. होतील की. त्यांच्या वाट्याचं थोडं लोखंड आधी वाया जाऊ द्या, शाल-श्रीफळाचं नंतर बघू.