शेजारच्या दाताचा रिपोर्ट

फौजेत सतरा वर्षं काढली, अंगावर ओरखडा नाही. रिटायर होऊन सिंदेवाहीजवळच्या माझ्या गावी आलो आणि तलावाच्या पाळीवर घसरून वरचा समोरचा दात घालवून बसलो. हवालदार चिखलात कामी आले म्हणून गाव महिनाभर हसलं. मीही हसलो. पण त्या दाताच्या आधाराशिवाय मला बिगुल वाजवता येईना, आणि माघात देवाजीचा स्मृतिदिन होता.

लान्स नायक देवाजी माझ्याच गावचा, ढिवराच्या घरचा. पलटणीत बिगुल मला त्यानंच शिकवला. दरवर्षी त्याच्या दिवशी ०७०० वाजता मी लास्ट पोस्ट, गेलेल्या जवानाला निरोप देणारी धून, वाजवतो, मगच गावचे डोंगे मासेमारीला पाण्यात उतरतात. हा नियम त्याच्या आईचा, काशीमायचा.

श्रावणात वडशाला दाताच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर शबाना तिथल्याच कापडवाल्याची मुलगी. नव्या दातासाठी हाडात इम्प्लांटचा स्क्रू बसवण्याआधी तिनं शेजारच्या दाताला गार बोळा लावला.

"गार लागते का, भाऊ?"

"ओके."

मला काहीच लागलं नव्हतं. दात ठोकला तेव्हा कळ मस्तकात गेली. तरी ओके. परेडमध्ये उभं राहून कोणी रडगाणं गातं का? स्क्रू बसला.

पाचव्या आठवड्यात हिरडीवर पुळी आली, पू येऊ लागला. एक्स-रेत स्क्रूच्या टोकाशी काळा डाग.

"ड्रिलनं हाड तापलं तरी असं होते. जुन्या दाताची घाण हाडात राहिली तरी होते," ती म्हणाली. "पण तुमचा शेजारचा दात आतून मेला हाय. त्याच्या मुळाचा पू इकडं आला. जित्या दाताले गार लागते, भाऊ! ओके काऊन म्हटलं?"

"सवय. स्क्रू गेला का आता?"

"हलून नाई राह्यला. वाचवून पाहू. पण नुसत्या गोळ्यांनी दबन, जाणार नाई."

देवाजीनंही असाच रिपोर्ट दिला होता. बर्फातली पोस्ट, त्याच्या छातीत पाणी भरत होतं. ०६१० वाजता मी खालच्या कॅम्पवरून वायरलेसवर विचारलं, "तबियत? ओव्हर." "ऑल ओके. ओव्हर." मी विश्वास ठेवला. आम्ही ०९०० वाजता पोचलो, तेव्हा तो गेला होता.

शबानानं आधी मेलेल्या दाताचं रूट कॅनल केलं. मग हिरडी उघडून स्क्रूच्या टोकाभोवतीची घाण खरवडली, टोक धुतलं, पोकळीत हाडाची भुकटी भरली, टाके घातले. दात बसेपर्यंत बिगुल बंदच. पौषातल्या एक्स-रेत काळ्या डागाच्या जागी हाड भरून आलं होतं. शबाना खुर्चीवरून उठून नाचायचीच बाकी होती. मीही तिला कडक सॅल्यूट ठोकला. त्याच आठवड्यात दात बसला.

माघात ०७०० वाजता लास्ट पोस्ट वाजली. एक सूर चुकला नाही. काशीमाय जवळ आली.

"दुखते का रे?"

ओके ओठांवर आलंच होतं.

"थोडंसं दुखते, माय."

तिनं माझ्या गालावर हात ठेवला. "माह्या देवाजीनं असं सांगतलं असतं तं..." एवढंच म्हणाली. मग पदर खोचून पाळीवरून मोठ्यानं ओरडली, "उतरवा रे डोंगे!"